वठलेला माड

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरायचे असतात. एका मार्चमध्ये आमच्या गटाने त्यातले काही तास पक्ष्यांची घरं करण्यात घालवले. गुहागरला आमच्या घराभोवती आणि आगरात मिळून बारा लाकडी खोके टांगले. भोक ३२ मिलिमीटरचं, चिमणीच्या मापाचं. फोटो झकास आले.

त्याच आठवड्यात आगरातला एक वठलेला माड आम्ही तोडला. कुणाच्या डोक्यात पडायला नको, हे सांगायचं कारण. खरं कारण, तो फोटोत बकाल दिसत होता. संध्याकाळी आजी म्हणाली, "सुताराची ढोली होती रे त्यात. परवापासून दयाळाची मादी गवत नेत होती."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?"

सुतार पक्षी मेलेल्या लाकडात ढोली कोरतो. तो सोडून गेला की तिथे दयाळ, साळुंकी, पोपट राहायला येतात. तांबट स्वतःची ढोली स्वतःच कोरतो, पण त्यालाही वठलेली फांदी लागते. शिंपी पानं शिवतो, सुगरण गवत विणतो. त्यांना खोक्याशी काही देणंघेणं नाही. आज मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणाऱ्याला न विचारता केलेलं फीचर कसं पडून राहतं, ते रोज बघतो. आगरातही आम्ही तेच केलं होतं. वर चालू असलेलं एक घर पाडलं होतं.

म्हणजे खोके टांगणं चूक का? चिमणीच्या बाबतीत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वळचणीला, कौलांच्या फटीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे राहिली. आपण स्लॅब घातला आणि फटी बुजल्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम उभं केलं, आणि २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होऊ लागला. चिमणीला दिलेला खोका मला दान वाटत नाही. आपण घेतलेली जागा थोडी परत केली, एवढंच.

मला अडतं ते पुढे. चांगलं काम म्हणजे काहीतरी करणं, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. केलेल्याचे तास वहीत चढतात. पण एखादी गोष्ट न करण्याचे, हात आवरण्याचे तास कुठे लिहायचे? न तोडलेल्या झाडाखाली उभं राहून कोण फोटो काढतं? वाटेवरचा वठलेला माड तोडावाच लागतो, हे मान्य. पण आमचा वाटेवर नव्हता.

बारापैकी पडवीतल्या दोन खोक्यांत चिमण्या आल्या. आगरातले बाकीचे पावसात कुजले.

यंदा आगराच्या कडेला आणखी एक माड वठलाय. आईचा फोन आला, "तोडायला माणूस बोलावू का?"

म्हटलं, "राहू दे. आणि आजीला विचार, वर कोण राहतंय का."