दिवे नवे असतानाच

वसईतल्या नंदाखालला एखाद्या घरी नवी गाडी आली की ती आधी चर्चच्या आवारात जाते. फादर प्रार्थना म्हणतात, पवित्र पाणी शिंपडतात. आरशाला रोझरी लागते. शेजारच्या आगाशी-बोळिंजात कुणी नारळ फोडतं, चाकाखाली लिंबू ठेवतं. त्या दिवशी रंगाचं कौतुक होतं, सीटचं होतं, मुलं हॉर्न वाजवून बघतात. पुढच्या दोन दिव्यांकडे मात्र कुणी फारसं पाहत नाही. ते इतके नितळ असतात की त्यांची काही काळजी घ्यावी असं मनातही येत नाही. मला वाटतं, काळजी घेण्याची खरी वेळ नेमकी तीच असते.

पूर्वीच्या अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या दिव्यांना काच असायची. दगड लागला तर ती तडकायची, पण उन्हाने पिवळी पडत नसे. आताच्या हेडलाइटवर पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते हलकं आणि चिवट असतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. रोजचं ऊन हा थर आपल्या अंगावर घेतो आणि थोडाथोडा झिजतो. काही वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही. मग तो कुठेतरी उलतो, खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं, पिवळं होतं, धुरकटतं. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ साली असे जुने दिवे तपासले. नव्या दिव्यांच्या मानाने ते जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा उजेड देत होते. शिवाय धुरकट आवरणातून उजेड विस्कटतो. आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र तिरीप येते. गॅरेजमध्ये घासून, पॉलिश करून चकाकी परत आणता येते. पण त्या घासण्यात जुन्या थरातलं उरलंसुरलंही निघून जातं. वरून नवा थर दिला नाही, तर काही महिन्यांत पुन्हा तोच पिवळेपणा.

धड असलेली गोष्ट वेळेवर जपण्याचं मोठं उदाहरण गावातच आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. त्यांचा जन्म इथे १९४२ साली झाला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि सुबोध बायबलचे अनुवादक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसईकरांना ते हरित वसईच्या चळवळीतलेही आठवतात. वाड्या अजून हिरव्या होत्या, तेव्हाच ही माणसं ती हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरली. सगळं तर ठीक आहे, मग आरडाओरडा कशाला, असं तेव्हा कुणाला वाटणं सहज शक्य होतं. आज नंदाखालच्या गल्लीत गाडी लावायला चिंचेची किंवा आंब्याची सावली मिळते, तिच्यामागे त्या वेळेवर केलेल्या धडपडीचाही वाटा आहे. बिघडलेल्या वस्तूकडे आपलं लक्ष आपोआप जातं. दुखरा गुडघा, गळका नळ, रुसलेला भाऊ, सगळे आपल्याला हाक मारतात. जे धड चाललं आहे ते हाक मारत नाही. त्याच्याकडे आपणच होऊन वळावं लागतं, आणि असं वळण्याची सवय लहानशा गोष्टीवर लावून घेता येते. गाडीचा दिवा त्यासाठी अगदी चांगला आहे.

करायचं फार थोडं आहे. अर्नाळा-राजोडीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येतं, बारीक रेती येते. तेव्हा दिवे कोरड्या फडक्याने कधीच पुसू नयेत, रेतीचे चरे उमटतात. आधी पाणी ओतावं, मग मऊ ओलं फडकं फिरवावं. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला असेल तर त्याच दिवशी धुवावा. टूथपेस्ट, रॉकेल, थिनर हे उपाय चांगल्या दिव्यावर मुळीच करू नयेत. टूथपेस्ट तो वरचा थर खरवडते, थिनर प्लॅस्टिकच खातं. अतिनील किरणं अडवणारं वॅक्स मिळतं. ते पावसाआधी, पावसानंतर आणि नाताळच्या साफसफाईत हात फिरवून लावलं तरी खूप झालं. ज्यांची गाडी दिवसभर उन्हात उभी असते, त्यांनी नव्या दिव्यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म बसवून घ्यावी, तो खर्च वाया जात नाही. कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवरच घालावं. आणि गाडी लावताना तिचं तोंड कुठे आहे ते पाहावं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचे दिवस सोडले, तर आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेच्या अंगाला असतो, आणि त्या सोडलेल्या दिवसांतले बरेचसे ढगांतच जातात. त्यामुळे सावली मिळाली नाही तरी गाडीचं तोंड उत्तरेला केलं की दिव्यांचं बरंचसं ऊन वाचतं. नारळाखाली मात्र नको, तिथे वेगळी भीती. राजेळी केळी वाळवून सुकेळी करणाऱ्या घरांत केळ्यांना ऊन किती दाखवायचं ते नीट माहीत असतं. गाडीच्या बाबतीतही तो अंदाज महिनाभरात येतो. महिन्यातून एकदा रात्री गाडी कुंपणाच्या भिंतीसमोर उभी करावी, दोन्ही दिवे लावावेत आणि उतरून पाहावं. भिंतीवरचे दोन्ही उजेड सारखे आहेत का, कडा स्पष्ट आहेत का? एक बाजू फिकी वाटली, तर आधी तो दिवा धुऊन पुन्हा पाहावं. तरीही फिकीच दिसली आणि बल्ब ठीक असेल, तर गाडीच्या कोणत्या अंगाला जास्त ऊन लागतं ते आठवून पाहावं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाजू सावलीकडे येईल अशी गाडी लावावी.