कलमात दडलेली रक्कम

मार्च २०२० मध्ये येस बँक कोलमडली तेव्हा सगळ्यांचं लक्ष खातेदारांकडे होतं. पैसे काढण्यावर ५ मार्चला निर्बंध आले, एटीएमसमोर रांगा लागल्या, आणि स्टेट बँक मदतीला धावली तसा लोकांचा जीव भांड्यात पडला. त्या गडबडीत बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे शून्यावर आणले गेले, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. हे रोखे ‘एटी-वन’ जातीचे. त्यांना मुदत नसते, व्याज ठेवीपेक्षा बरं असतं आणि माहितीपत्रकात आत कुठेतरी एक अट असते : बँक आता तगणार नाही असं रिझर्व्ह बँकेने ठरवलं, तर मुद्दलही पुसून टाकता येईल. बँकेच्या ग्राहकांना हेच रोखे ‘सुपर एफडी’ म्हणून विकले गेल्याची नोंद सेबीच्या नंतरच्या आदेशात आहे.

वित्तशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट सांगा. मुलं लगेच म्हणतील, ही तर उलटी गंगा. नुकसान आधी भागधारकाने सोसायचं, मग रोखेधारकाने, ठेवीदाराने सगळ्यात शेवटी, असा क्रम त्यांना पहिल्याच सत्रात शिकवलेला असतो. इथे रोखे शून्य झाले, शेअर मात्र जिवंत राहिले. त्यांतले तीन-चतुर्थांश तीन वर्षं विकायला बंदी, एवढंच. कायद्याच्या वर्गातली मुलं खांदे उडवतील : अट लिहिलेली होती, तुम्ही सही केलीत, आता तक्रार कसली? दोन्ही वर्ग आपापल्या जागी बरोबर असतात. पण जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जो मुद्दा धरला तो दोघांच्याही वहीत नव्हता. रिझर्व्ह बँकेने ६ मार्चला जाहीर केलेल्या पुनर्रचनेच्या मसुद्यात हे रोखे रद्द करण्याची तरतूद होती. सरकारने १३ मार्चला अधिसूचित केलेल्या अंतिम योजनेत ती नव्हती. तरीही १४ तारखेला बँकेवर नेमलेल्या प्रशासकाने रोखे रद्द झाल्याचं कळवलं. न्यायालय म्हणालं, हा अधिकारच त्याला नव्हता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मसुद्यातलं एक कलम अंतिम प्रतीत आलं की नाही, यावर साडेआठ हजार कोटींच्या आसपासची रक्कम लोंबकळत राहिली. एक्सेलच्या कुठल्याही चौकटीत ही जोखीम दिसली नसती. आणि कलम तोंडपाठ असणाऱ्याला त्या कलमाची किंमत काढता आली नसती.

वित्त आणि कायदा पदव्युत्तर पातळीवर एकत्र शिकावा का, हा प्रश्न मला इथून सुरू झालेला वाटतो. नोकरीच्या बाजारातून तो सुरू होत नाही. नोकरीच्या बाजाराने त्याचं उत्तर आपल्याकडे कधीच शोधून ठेवलंय. दादरला किंवा सदाशिव पेठेत जिन्यापाशी लावलेल्या पाट्या वाचा : बी.कॉम., एफसीए, सीएस, एलएलबी. आधी आर्टिकलशिप, मग सकाळच्या लॉ कॉलेजात हजेरी, मग आणखी एक परीक्षा. या माणसांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण हे एकामागून एक शिकणं झालं, एकत्र नव्हे. ताळेबंद एका खोलीत शिकायचा, करार कायदा दुसऱ्या खोलीत, आणि दोहोंचा सांधा पुढे एखाद्या अशिलाच्या पैशाने समजून घ्यायचा.

नियमांचाही त्याला हातभार आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली, पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत कायद्याच्या पदवीसोबत दुसरी नियमित पदवी घ्यायला मनाई आहे. अपवाद एकात्मिक अभ्यासक्रमांचा. बाबासाहेब आंबेडकर १९२० नंतर लंडनमध्ये एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टर होत होते. असं दोन दगडांवर पाय ठेवून शिकणारा विद्यार्थी आज मुंबईत आधी प्रवेशाच्या नियमांतच अडकेल.

बाहेर याची सोय आधी झाली. फ्रँकफर्टच्या गटे विद्यापीठात वित्त आणि कायद्याची स्वतंत्र संस्था आहे, ऑक्सफर्डचा ‘लॉ अँड फायनान्स’ हा एमएस्सी अभ्यासक्रम २०१० पासून चालू आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला सेबीने उभारलेल्या रोखेबाजार संस्थेत गुंतवणूक कायद्याचं एलएलएम आहे, आणि मानेसरला दिवाळखोरी व्यावसायिक घडवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१९ पासून आहे. यादी आणखी लांबवता येईल, पण माहितीपुस्तिका चाळल्या की बहुतेक ठिकाणी एकच खोड दिसते. चार विषय इकडचे, चार तिकडचे, आणि शेवटी एक प्रकल्प.

या विद्येचा पाया ज्या निबंधाला मानतात तो १९९८ चा. ला पोर्टा, लोपेझ-द-सिलानेस, श्लायफर आणि विश्नी या चौघांनी ४९ देशांचे कायदे तपासले, गुंतवणूकदार आणि धनको यांच्या हक्कांना गुण दिले आणि दाखवलं की इंग्रजी वळणाच्या कायद्याचे देश त्यांना जास्त संरक्षण देतात. धनकोंच्या हक्कांत भारताला चारपैकी चार गुण होते. वाचून हसू आवरत नाही. कारण १९८५ च्या आजारी उद्योग कायद्यातलं कलम २२ त्या काळात जोरात होतं. कंपनी बीआयएफआर या आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली की वसुलीचे दावे जागच्या जागी थांबत. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या फायली तिथे वर्षानुवर्षं पडून राहिल्या. बँकांचे पैसे अडकले, कामगारांची देणीही. चौघांनी कायद्याची पुस्तकं वाचली, संख्याशास्त्र निर्दोष लावलं. तारखेवर तारीख पडत गेली की हक्काचं मोल किती उरतं, हे मात्र त्या गुणपत्रिकेत कुठेच नव्हतं. म्हणजे दोन विषय शेजारी आणून बसवले तरी ते एकमेकांशी बोलतीलच असं नाही.

बोलायला लावायचे तर हातात एकच कागद द्यावा. मला अभ्यासक्रम आखायला दिला तर मी पहिलं अर्धं सत्र पीएमसी बँकेच्या विलीनीकरणाच्या योजनेवर घालवीन. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या या सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. योजनेनुसार पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून आधी मिळायची. मग पहिल्या आणि दुसऱ्या वर्षअखेर प्रत्येकी पन्नास हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख, चौथ्या वर्षी अडीच लाख, पाचव्या वर्षी साडेपाच लाख. उरलेली रक्कम दहा वर्षांनी. व्याज ३१ मार्च २०२१ पासून विलीनीकरणाला पाच वर्षं होईपर्यंत नाही, पुढे वर्षाला पावणेतीन टक्के.

आता मुलुंडमधला एखादा निवृत्त माणूस धरा, पंचवीस लाख ठेवलेला. कायद्याच्या भाषेत त्याचा एक रुपयाही बुडालेला नाही. मुद्दल पूर्ण परत मिळणार आहे. सात टक्के दराने आजचं मूल्य काढून पाहा. पाच लाख रोख. पुढच्या पाच वर्षांतले दहा लाख आज साडेसात लाखांचे. दहा वर्षांनी येणारे दहा लाख आज जेमतेम पाच लाखांचे. मधलं तुटपुंजं व्याज मिळवलं तरी एकूण साडेअठरा लाखांच्या पुढे आकडा जात नाही. साडेसहा लाख गेले, पण कुठल्याही कागदावर ते गेल्याची नोंद नाही.

इथवर वित्ताचा विद्यार्थी पोचतो आणि लूट झाली म्हणून ओरडतो. त्याला शेजारच्याने विचारावं : दुसरा पर्याय काय होता? बँक अवसायनात गेली असती तर विम्याचे पाच लाख आणि मालमत्ता विकून येईल ते, येईल तेव्हा. विम्याची मर्यादाही एक लाखावरून पाच लाखांवर नेली ती फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे बँक अडकल्यानंतर. शिवाय बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खालची योजना सर्वांवर बंधनकारक; ‘मला मान्य नाही’ म्हणायची सोय ठेवीदाराला नाही. तेव्हा तुलना पंचवीस आणि साडेअठराची करायची की साडेअठरा आणि पाच-अधिक-काहीतरी यांची? हा वाद दोन तास चालला तर ते दोन तास सत्कारणी लागले म्हणायचे. जोखमीच्या सूत्रांची पाठांतरं नंतरही होतील.

एक अडचण मात्र राहतेच. असं शिकलेली मुलं पुढे कुणाकडे जातात? फी पाहता उत्तर अवघड नाही : ज्यांच्यासाठी कलमं लिहिली जातात त्यांच्याकडे. मुलुंडच्या माणसाला असा सल्लागार परवडत नाही. कर्जाचा कागद नेहमी एकच बाजू लिहिते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सहीला अखेरचा शब्द मानलं नाही. न्यायाधीशाने व्यवहार पहिल्या दिवसापासून उघडायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, मग निकाल द्यायचा. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा चपखल नेमणूक सापडली नसती. तालुक्याच्या कोर्टातला सबजज चोपडीतल्या ओळी मोजत बसायचा, आणि त्याची फी कुळाला द्यावी लागत नसे. आज ग्राहक आयोगासमोर किंवा पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात हे काम करणाऱ्याला चार पैसे कुठून मिळतील, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं नाही.