दहावा माणूस

कद्र्याकडून घाट चढून आले की अणशी लागते. लागते म्हणजे काय, आधी जंगल, मग चार घरे, पुन्हा जंगल. तिथे एका नातलगाच्या ओसरीवर भजनाला बसण्याचा योग आला. घरात बोलणे कोंकणी, मुलांची पुस्तके कानडी आणि भजन मराठी. आपल्या भागात याचे कुणाला नवल वाटत नाही. घरचा मुलगा कॉलेजातून सुटीवर आला होता. नेतृत्व विकास शिबिराचे प्रशस्तिपत्र त्याने मला दाखवले. पुढाऱ्याच्या अंगी कोणकोणते गुण असावेत, ते त्याला तोंडपाठ होते. मुलगा हुशार, ऐकताना बरे वाटले. दिवेलागण झाली, टाळ निघाले, गाणारे जमले. पण पखवाज वाजवणारा मडगावला कामाला गेलेला. या मुलाला आजोबांनी लहानपणी पखवाज शिकवला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. "माझा हात गेला आता, मामा," असे म्हणून तो मोबाइल घेऊन अंगणात गेला. भजन नुसत्या टाळांवर उरकले.

त्या रात्री मला मुंबईतले एक जुने सहकारी आठवले. ते बेने इस्रायल, अलिबागकडचे. कोकणातले हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, केहिमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावे लावतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सहकारी सांगत, त्यांच्या सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले तर वाट पाहायची. नवांत मोठा पंडित असला तरी भागत नाही. दहावा कालच तेरा वर्षांचा झालेला पोर असला तरी चालतो. "पुढारी आमच्यात पुष्कळ होते हो," ते हसून म्हणायचे, "खोटी व्हायची ती दहाव्यासाठी."

मग कॉलेजच्या मुलांना नेतृत्व शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? पहिला व्हायला, की दहावा व्हायला?

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, कोचीनकडचा डेव्हिड रहाबी नावाचा माणूस कोकणात आला. हे लोक ज्यू आहेत हे त्याने ओळखले, त्यांच्यातले तिघे निवडून त्यांना धर्म शिकवला, त्यांना काजी नेमले. स्वतः मात्र गादी मांडून बसला नाही. काजी गावोगाव फिरून विधी करीत, तंटे मिटवीत. पुढे काजीपण घराण्यांत वंशपरंपरेने चालू लागले, आणि शिकवून आलेली गोष्ट वारशाची झाली. हेही आपल्या ओळखीचेच. शिकणे मात्र थांबले नाही. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. बेने इस्रायलांनी हिब्रू घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही.

नंतरच्या काळातली दोन माणसे मला शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. डॉ. इलायजा मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. मूठभर समाजातला माणूस अख्ख्या शहराचा पुढारी झाला, ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या रिबेका रूबेन. हाइम सॅम्युएल केहिमकर आदींनी १८७५ साली समाजासाठी जी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. रूबेनबाई १९२२ ते १९५० तिच्या मुख्याध्यापिका होत्या. अठ्ठावीस वर्षे एकच शाळा! मला विचाराल तर नेतृत्वाचा धडा मी बाईंकडून घेईन.

अमेरिकेत १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांसाठी 'हिलेल' ही संस्था निघाली. आज शेकडो कॉलेजांत ती आहे आणि विद्यार्थ्यांतून पुढारी घडवणे हे तिचे एक मोठे काम आहे. नाव ज्या हिलेलचे, तो पुराणकाळचा गुरू. त्याची कथा अशी की, शाळेच्या दारावर द्यायला पैसा नव्हता म्हणून तो छपरावर चढून झरोक्यातून पाठ ऐकत राहिला, आणि सकाळी लोकांनी त्याला बर्फाखालून काढला. पुढारी घडवणाऱ्या संस्थेला नाव मिळाले ते छपरावरच्या विद्यार्थ्याचे, हे मला फार आवडले.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून चालणार नाही. रूबेनबाईंच्या शाळेतली मुले गेली कुठे? १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारही भरले नाहीत. म्हणजे शिकवणे फुकट गेले? तसेही म्हणवत नाही. इस्रायलमध्ये १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांबाबत शंका काढली. कुणाचेही वंशज असा, आधी पिढ्या तपासू, असा तो सूर. हे लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते इतरांच्या बरोबरीचे ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. दहाजण जमल्याशिवाय सुरुवात होत नाही, ही सवय तिथे कामी आली असेल, असे मला आपले वाटते.

संख्या भरावी म्हणून पोराला गावात बांधून ठेवणे अन्यायाचे आहे. अणशीत कॉलेज नाही. कारवार, दांडेली, बेळगाव, गोवा गाठावेच लागते. पण जो बाहेर पडला तोच पुढारी आणि जो मागे राहिला तो उरलेला, असे शिकवणाऱ्या शिबिरांविषयी माझी तक्रार आहे. पखवाज वाजवणे हा गुण त्या मुलाच्या यादीत कुठेच नव्हता.

सकाळी तो मला बसपर्यंत पोचवायला आला. पखवाजाला कणीक लावायची ती ओली की घट्ट, असे त्याने मध्येच विचारले. मला सांगता आले नाही. मी गाव सोडून चाळीस वर्षे झाली, आणि मला तर पखवाज कधी आलाच नाही.