रिकामा माठ कोण भरतो?



आषाढी पौर्णिमा जवळ आली की गावोगावच्या विहारांत लगबग सुरू होते. गळके पत्रे बदलले जातात, भिंतींना चुना लागतो, वर्गणी जमते, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाची वेळ ठरते. हे सर्व योग्यच आहे. परंतु वर्षावास असो की दहा दिवसांचे श्रामणेर शिबिर असो, त्या जागेची खरी सुधारणा कशाने होते, याचा विचार आपण एकदा शांतपणे केला पाहिजे.

वर्षावासाचा नियम आकाशातून पडलेला नाही. विनयपिटकातील महावग्ग सांगतो की, भर पावसात भिक्खू फिरत, हिरवे गवत आणि लहानसहान जीव त्यांच्या पायांखाली तुडवले जात. लोकांनी तक्रार केली. पावसाळ्यात पाखरेदेखील घरटे करून राहतात, मग हेच का भटकतात, असे ते म्हणू लागले. भगवंतांनी ती तक्रार ऐकली आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. लोकांचे रास्त बोलणे ऐकून केलेला हा नियम आहे.

आता, एके ठिकाणी राहायचे म्हणजे छप्पर हवे, पाणी हवे, चीवर हवे, भोजन हवे. ते आपल्या पूर्वजांनी कसे पुरवले, हे महाराष्ट्राचे डोंगर आजही सांगतात. भाज्याच्या लेण्यात पाण्याची पोढी आहे. ती महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने दान केली, असे तेथील लेखात कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 2000 कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे कायमचे ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दल परत घ्यायचे नाही. वर्षाचे व्याज झाले 240, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. भोजनखर्चासाठी आणखी 1000 कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे वेगळे ठेवले. एकदा वर्गणी काढून एकदा जेवण घालणे वेगळे, आणि दरवर्षीची सोय लावून देणे वेगळे. आपल्या विहार समित्यांनी हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

परंतु बंधूंनो, पोढी दानातून खोदता येते. त्या पोढीतून माठ कोण भरतो, हे दानातून ठरत नाही.

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू एकत्र राहत. भिक्षेहून जो आधी येई, तो आसने मांडी, पाय धुण्यास पाणी ठेवी. जो शेवटी येई, तो सर्व आवरून झाडलोट करी. पाण्याचे भांडे रिकामे दिसले की ज्याला दिसले तोच ते भरी. जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी. आणि दर पाचव्या दिवशी ते रात्रभर धम्मचर्चा करीत. भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली.

कोसल देशातील काही भिक्खूंनीही वर्षावासात अगदी अशाच पाळ्या सांभाळल्या. फरक एवढाच की, भांडण नको म्हणून तीन महिने ते एकमेकांशी बोललेच नाहीत. आम्ही सुखाने राहिलो, असे त्यांनी भगवंतांना सांगितले. भगवंतांनी त्यांना दोष दिला. गुरे एकत्र राहतात, तसे तुम्ही राहिलात, असे ते म्हणाले. आणि वर्षावासाच्या शेवटी पवारणा करण्याचा नियम घालून दिला. माझ्या हातून काही चुकल्याचे तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल तर सांगा, मी सुधारीन, असे प्रत्येकाने संघापुढे म्हणायचे.

म्हणजे श्रमही वाटून घ्यायचे आणि बोलणेही मोकळे ठेवायचे. यातील एक सोडून दुसरे चालत नाही.

आता आपल्या शिबिरांकडे पाहा. पुरुष मंडळी ध्यानाला बसलेली, प्रवचन ऐकणारी. आणि मागे चुलीपाशी आपल्या माता-भगिनी! प्रवचनाचा शब्दही त्यांच्या कानी पडत नाही. शेवटच्या दिवशी त्यांचे आभार मानले की आपले कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते. झाडू कोणाच्या हाती आणि मान कोणाला, हे जन्मावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या समान हक्कासाठी. मग आपल्याच शिबिरात पाणी भरणारे वेगळे आणि पिणारे वेगळे, ही विभागणी कोणत्या तोंडाने चालू ठेवायची?

म्हणून प्रत्येक विहार समितीने यंदा तीन गोष्टी कराव्यात. पहिली : झाडलोट, पाणी, भांडी आणि स्वयंपाक यांच्या पाळ्या लावाव्यात, आणि त्या यादीत अध्यक्षांचे नाव सर्वांत वर असावे. दुसरी : प्रवचनाच्या वेळी चूल बंद ठेवावी. जेवण साधे असले तर काही बिघडत नाही, पण एकही भगिनी धम्मश्रवणाला मुकता कामा नये. तिसरी : शेवटच्या दिवशी हार-तुऱ्यांचा वेळ कमी करून तो पवारणेला द्यावा. आमच्याकडून काय चुकले ते सांगा, असे आधी कार्यकर्त्यांनी विचारावे आणि राग न धरता ऐकावे.

पत्रे बदलल्याने पाऊस अडतो. माणसांमधील भेद अडवायला मात्र आपलेच हात लागतात. माठ रिकामा दिसला, तर इकडेतिकडे पाहू नका. ज्याला दिसला, त्यानेच तो भरायचा आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!