हात आपला, गाल कोणाचा?

अमरावतीहून अकोल्यास आमची बदली झाली, तेव्हा आमच्या नाभिक मित्राने निरोपाची भेट म्हणून एक वस्तरा हाती ठेवला. पन्नाशी उलटल्यावर आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो.

हा वस्तरा जुन्या वळणाचा नव्हे. पूर्वीचे पोलादी पाते दगडावर पाजळीत, चामड्याच्या पट्ट्यावर घोटीत आणि तीच धार दिवसभर अनेकांच्या गालांवरून फिरे. रक्तावाटे कावीळ पसरते हे लोकांना कळू लागले. १९८६ साली भारतात एच. आय. व्ही. ची बाधा प्रथम आढळली. पुढे ‘नवे ब्लेड लावा’ हे शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी बसले. आता कारागीर आपल्यादेखत दुधारी ब्लेडचे दोन तुकडे करतो आणि अर्धे पात्यात अडकवतो. दाढी झाली की ते टाकून द्यावयाचे.

धार विकत मिळते. हात मात्र विकत मिळत नाही. सेफ्टी रेझरमध्ये धारेचा कोन यंत्रच सांभाळते. येथे तो आपणच सांभाळावयाचा: सुमारे तीस अंश. डाव्या हाताने कातडी ताणावी, केसांच्या वळणाने उतरावे आणि मुख्य म्हणजे दाबू नये. मित्राने निघताना बजावले होते, “ब्लेडले काम करू द्या फादर, तुमी जोर लावू नोका.” आम्ही जोर लावला. पहिल्याच सकाळी हनुवटीवर एक आणि जबड्याखाली, जेथे केसांची दिशा बदलते तेथे, दोन जखमा झाल्या. तुरटी झोंबली. पंधरा दिवसांत हात हलका झाला. हाताला हे शहाणपण गालाने शिकविले.

येथेच एका प्रश्नाने आम्हांस गाठले. आम्ही आपल्याच गालावर शिकलो. पण आमचा मित्र कोणाच्या गालावर शिकला? तो सांगतो, आधी फुगा फुगवून, त्यावर साबणाचा फेस लावून तो वस्तरा चालवी. पण फुगा फुटतो, त्याला वेदना होत नाही. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण आपण हसून उच्चारतो; कुडावर कोणी तरबेज होत नाही हेही त्या म्हणीतच आहे. शेवटी त्याच्या वडिलांनी खुर्चीत बसून स्वतःचा गाल पुढे केला. त्या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर सदैव तुरटीचे पांढरे डाग असत.

आपण सारेच कोणाच्या तरी गालावर शिकतो. नवा शिक्षक पहिल्या वर्गावर शिकतो, शिकाऊ डॉक्टर सरकारी रुग्णालयातल्या रुग्णांवर. तेथे गाल बहुधा गरिबाचा असतो, आणि तयार झालेला हात पुढे ऐपतदारांच्या सेवेस जातो. हे शिकणेच बंद करावे, असे म्हणता येणार नाही. मग उद्याचा कारागीर कोठून येणार? पण या ऋणाची नोंद कोठेही होत नाही, हेही खरे.

अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा केला. कुष्ठरोगाने मज्जातंतू बधिर होतात. चटका बसतो, काटा रुततो, पण वेदनेचा निरोप पोहोचत नाही. म्हणून जखम वाढत जाते. दुसऱ्याच्या गालावर शिकणाऱ्याची स्थिती काहीशी अशीच नव्हे काय? घाव होतो, पण त्याची कळ आपल्या शरीरात उमटत नाही.

आमचेच सांगतो. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, तेव्हा एका घरी लहान मूल दगावले. आम्ही गेलो आणि दुःखाचा अर्थ या विषयावर जे शिकलो होतो ते सर्व बोललो. आई मध्येच उठून आत गेली. आम्हांस चहा मिळाला, मानाने निरोप मिळाला. आपण कर्तव्य चोख बजावले, या समाधानात आम्ही परतलो. सहा वर्षांनी त्या मुलाचे वडील भेटले. इकडचेतिकडचे बोलणे झाल्यावर हळूच म्हणाले, “त्या दिशी तुमी नुसते बसून राह्यले असते तरी पुरलं असतं, फादर.”

इतकी वर्षे ती जखम त्या घरात होती, आणि आमच्या हाताला खबर नव्हती.

मग उपाय काय? आम्हांस तो मित्राच्या दुकानात सापडला. जबड्याखाली वळताना तो हात थांबवून विचारी, “लागलं काय जी?” वर्षानुवर्षे ऐकूनही तो केवळ शिष्टाचार आहे, असेच आम्ही समजत होतो. खरे तर दुसऱ्याच्या गालावरची कळ आपल्या हातापर्यंत आणण्याचा तोच एक मार्ग आहे. मात्र नुसते विचारून भागत नाही. आपल्याकडे मानाच्या माणसाला ‘लागलं’ असे कोणी सहसा सांगत नाही. लोक ‘नाही’ म्हणतात. म्हणून तो विचारून थांबे आणि उजेडात वाकून कातडी पाही.

वाचकहो, घरात सून, शाळेत विद्यार्थी, कामावर हाताखालचा माणूस, असा कोणाचा ना कोणाचा गाल आपल्या हाती आहे. आज संध्याकाळी एकाला तरी विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ आले तरी जरा थांबावे. आम्ही त्या आईला अजून विचारलेले नाही. ती हयात आहे. अकोल्याहून तिचे गाव दूर नाही.