डाग जातो तेव्हा काय जातं?

मे महिन्यात आमच्या सरावलीत आलेला घाम सुकत नाही. पारा पस्तिसाच्या आसपासच असतो, विदर्भातली माणसं त्याला उन्हाळा म्हणायलाही तयार होणार नाहीत. पण समुद्र जवळ, हवा ओली, आणि दुपारी लाईट गेली की कपडा अंगाला चिकटून बसतो. या दिवसांत माझ्या कपाळावर आणि जबड्याच्या कडेला मुरूम येतात. नववीपासून येताहेत. मुरमांशी माझं फार भांडण नाही, ते आठ-दहा दिवसांत बसतात. भांडण आहे ते मागे राहणाऱ्या काळ्या डागाशी. तो दिवाळीपर्यंत मुक्कामाला असतो.

माझ्यासारख्या काळ्यासावळ्या कातडीचं हे असंच असतं. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या कातडीत जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात आणि ते कसं पसरवतात यात. मुरूम म्हणजे कातडीच्या आत झालेला दाह. दाह झाला की या पेशी जास्तीचं मेलॅनिन बनवतात. ते वरच्या थरात राहिलं तर काही महिन्यांत फिकट होतं, खाली उतरलं तर राखाडी-निळसर होऊन वर्षभरही रेंगाळतं. म्हणजे आपण ज्याला डाग म्हणतो तो तसा पाहिला तर माझ्या रंगाचाच एक तुकडा आहे, फक्त एका जागी जास्त जमा झालेला.

हे मला उशिरा कळलं, डी.फार्म.ला गेल्यावर. शेवटी तीन महिन्यांची, ५०० तासांची ट्रेनिंग असते. ती मी डहाणूतल्या एका मेडिकलमध्ये केली. काउंटरच्या मागे उभं राहिलं की गावाला काय खुपतंय ते कळतं. पावसाळ्यात गजकर्णाचं मलम, परीक्षेच्या आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईत, ‘ते’ मलम. नाव कोणी घेत नाही. मोबाईलवर फोटो दाखवतात, किंवा रिकामी पिळलेली ट्यूब काउंटरवर ठेवतात.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात: रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, कातडीचा वरचा थर लवकर बदलायला लावणारं ट्रेटिनॉइन, आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड. वांग घालवायला डॉक्टरांनी मोजक्या आठवड्यांसाठी द्यायची ही गोष्ट. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. पण चिठ्ठी कोण मागतं? पहिल्या दहा दिवसांत चेहरा असा उजळतो की शेजारणी विचारायला लागतात. स्टिरॉइड दाह दाबतं, त्यामुळे मुरूमही बसतात. मग कातडी पातळ होते, उन्हात गेलं की भाजते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते. घाबरून मलम बंद केलं की दाबून ठेवलेले मुरूम दुप्पट होऊन येतात, म्हणून ते परत सुरू करायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी या अवस्थेला नावही दिलं आहे, ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. एकोणिसाव्या वर्षी मी ते मलम चार महिने लावलं होतं. एका दुकानातून घेतलं, कोणी काही विचारलं नाही. घरी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, डाग जाण्यासाठी लावतेय. आणि ते खरं होतं. पण चौथ्या आठवड्यात डाग पुसट झाले तरी मी थांबले नाही. सगळा चेहराच मानेपेक्षा दोन छटा उजळ झाला होता आणि मला ते आवडत होतं. थांबावंसं वाटलं नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी वर्गातल्या वादविवादाचा नाही. डाग जावेत असं वाटणं आणि गोरं व्हावंसं वाटणं या दोन वेगळ्या इच्छा आहेत, की एकाच इच्छेची दोन नावं?

बाजाराने त्या कधीच वेगळ्या ठेवल्या नाहीत. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. तेव्हा मोठी चर्चा झाली, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा. आता तर सगळेच जण ‘डार्क स्पॉट’, ‘इव्हन टोन’ असं म्हणतात. गोरेपणाची लाज वाटायला लागली तेव्हा तो डागाच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला, असं मला वाटतं. विज्ञानही फार निरागस नव्हतं. त्याच १९७५ मध्ये अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडीचे प्रकार ठरवले, उन्हात भाजते की रापते यावरून. अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवायला ते हवे होते. पहिले चार प्रकार गोऱ्यांचेच होते. तपकिरी आणि काळ्या कातडीला पाचवा-सहावा नंबर नंतर मिळाला. आमच्या पुस्तकात मुरमाचं लक्षण ‘लाल फोड’ असं होतं. माझ्या चेहऱ्यावर लाल काही दिसतच नाही. दिसतं ते जांभळट-तपकिरी.

मग मी एक कसोटी धरली होती. डाग जावा म्हणणारी मुलगी त्या डागाशेजारच्या आपल्याच कातडीकडे बघत असते, डागाने तिथपर्यंत यावं एवढंच तिला हवं असतं. गोरं व्हायचं असतं तिची नजर दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर असते, आणि तिथे थांबायची जागा नसते. औषधांतही हा फरक दिसतो. ॲझेलाइक ॲसिड मुख्यतः जिथे रंग जास्त बनतोय तिथेच काम करतं, निरोगी कातडीचा रंग फारसा बदलत नाही. ॲडापालिनने मुळात मुरूमच कमी येतात. पण दोन्ही सावकाश. सहा ते बारा आठवडे धीर धरावा लागतो, आणि सुरुवातीला घाई करून रोज थापलं तर कातडी चिडते, त्या चिडण्याचाही आपल्यासारख्यांना डागच पडतो. लिंबू आणि टूथपेस्टचं तेच. आणि उन्हापासून जपलं नाही तर सगळं फुकट, कारण ऊन डागाला पुन्हा काळं करतं.

कसोटी चांगली होती. मग मला आजी आठवली.

आजीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते आणि कपाळावर एक. काळ्या कातडीवर निळसर-काळे. आमच्या भागातल्या जुन्या बायकांच्या चेहऱ्यावर, हातावर अजून दिसतात. ते शोभेचे होते, आजी ते अभिमानाने मिरवायची. माझे दोन हट्टी डाग जवळपास तिच्या ठिपक्यांच्याच जागी होते, रंगही फार वेगळा नव्हता. एकदा मी त्यावर काहीतरी चोपडत बसले होते तर ती म्हणाली, “पोरी, दोन तर आहेत, तिसरा गोंदून घे.” मी चिडले होते. पण म्हणजे सावळ्या चेहऱ्यावर काळी खूण वाईट दिसते हा निसर्गाचा नियम नाही. आजीने गोंदण निवडलं होतं आणि माझे डाग न विचारता आले, असा फरक मी करू गेले, तर तोही टिकला नाही. तिला लहानपणी चार बायकांनी धरून गोंदलं होतं, रडत होती म्हणे. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. तिच्या भोवतीच्या लोकांनी त्या खुणेला दागिना म्हटलं, माझ्या भोवतीचे डाग म्हणतात. शेजारच्या कातडीकडे बघणारी माझी नजरसुद्धा मग कितीशी माझी?

तरी मी कसोटी टाकून दिली नव्हती. मे महिन्यात ती एका मुलीवर वापरली.

ती बोर्डीकडच्या एका वाडीत चिकू निवडायला जायची. वय असेल अठरा-एकोणीस. चिकू तयार झाला का ते बघायला नखाने साल जरा खरवडतात, आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर उतरवायचा. तिची नखं त्या भुशाने तपकिरी झालेली. गालावर, जबड्यावर मुरूम, आणि प्रत्येक मुरूम नखाने फोडलेला, हे बघताक्षणी कळत होतं. दिवसभर हात तोच खेळ खेळत असणार. तिने मोबाईल पुढे केला. तेच मलम.

शेठ मागे हिशेब करत होते. मी म्हटलं, “हे चिठ्ठीशिवाय देता येत नाही. आणि चिठ्ठी असली तरी तुला नको.” मग माझं सगळं सांगितलं, चार महिन्यांचं, लाल शिरांचं. सरकारी दवाखान्यात दाखव म्हटलं. फोडू नकोस, खोबरेल कपाळावर उतरू देऊ नकोस, बेन्झॉइल पेरॉक्साइडचं कमी टक्क्याचं जेल रात्री थोडं लाव, उशीला जुना अभ्रा घाल कारण कपड्याचा रंग उडतो. दिवसा सनस्क्रीन. आणि शेवटी, स्वतःवर खूश होऊन, तिला तिचाच हात दाखवून म्हटलं, “तुला हा रंग परत हवाय ना? की दुसरा?”

ती हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, सनस्क्रीन कितीला?”

साडेचारशे. माझं मलम त्याच्या पाव किमतीत येत होतं.

“आणि किती दिवस?”

“तीन महिने.”

“मला वीस तारखेला बघायला येणार आहेत,” ती म्हणाली. “ते माझ्या हाताशी लावून बघतील का? तुम्हाला काय, तुमचे गेले.”

माझे गेले होते, हे खरं होतं. मलम सोडल्यावर आलेले मुरूम निस्तरायला मी दर महिन्याला डहाणू लोकलने विरारपलीकडच्या त्वचेच्या डॉक्टरकडे जात होते, वर्षभर, बापाच्या पैशाने. माझी कसोटी त्या वर्षातून निघाली होती. थांबायची जागा कुठे हे ठरवायला आधी वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी विकत घेऊन द्यावा लागतो. तिच्याजवळ वीस तारखेपर्यंतचा वेळ होता. तिची इच्छा तिच्या चेहऱ्याची होती की बघायला येणाऱ्यांच्या नजरेची, हा माझा प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो मी तिला विचारला. विचारायला हवा होता तो वीस तारखेला येणाऱ्यांना, आणि त्यांना तो कोण विचारणार?

मी मलम दिलं नाही. आजही देणार नाही. तेवढं मला माहीत आहे: ज्याने तिचं नुकसान होणार हे मला पक्कं ठाऊक आहे ते मी तिच्या हातात ठेवू शकत नाही, ती कितीही अडचणीत असली तरी. पण नाही म्हणताना मला जो बरेपणा वाटला होता, तो तिच्या एका वाक्यात गेला. समोरच्या गल्लीत दुसरं मेडिकल आहे, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. शेठ काही बोलले नाहीत. मी काउंटरवर काढून ठेवलेलं जेल त्यांनी परत कप्प्यात ठेवलं.

पावसाळा लागल्यावर ती आली, आईला घेऊन. आईला खोकला होता. ट्यूबलाईटच्या उजेडात मला तिचा चेहरा नीट दिसेना, उजळलाय की तसाच आहे. खोकल्याची बाटली काढता काढता मी तिच्या जबड्याकडेच बघत होते. तिच्या लक्षात आलं. तिने ओढणी नाकापर्यंत ओढली.

“दोन रुपये सुट्टे आहेत का?” मी विचारलं.