हमालाचा मालक कोण?

बाजारात गव्हाचा ट्रक येतो. माल परगावच्या व्यापाऱ्याचा, ट्रक वाहतूकदाराचा, गाळा अडत्याचा, आणि दुपारपर्यंत तीच पोती उचलून नेणारा खरेदीदार आणखी वेगळा. हमाल फळीवरून पोते पाठीवर घेतो, गाळ्यात नेतो, थप्पी लावतो. त्याच्या श्रमावाचून यांतल्या एकाचाही व्यवहार पुरा होत नाही. पण फळीवरून पाय घसरून त्याची कंबर गेली, तर दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा? वीस वर्षे ओझी वाहून गुडघे कामातून गेले, तर म्हातारपणी त्याला कोणी पोसायचे? पूर्वी या चौघांचे उत्तर एकच असे: तो आमचा नोकर नाही. आणि चौघेही कायद्याने बरोबर होते.

महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीने जगाच्या डाव्या विचाराला जे काही दिले, त्यात या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. गिरणगावावर ग्रंथ आहेत, कादंबऱ्या आहेत. हमालांनी मिळवलेल्या कायद्यावर मात त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. याची खंत वाटते, कारण आज कोट्यवधी माणसे ज्या पेचात सापडली आहेत, तो हमालांनी अर्ध्या शतकापूर्वी ओळखला होता.

सुरुवातीच्या मागण्यांमध्ये हा पेच नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांना एकत्र केले. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई अशा त्यातल्या मागण्या होत्या. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तिच्यामागे ही धडपड होती. त्या लढ्यात समोर कोण आहे हे पक्के ठाऊक होते. गिरणीला दरवाजा होता, भोंगा होता, मालकाला नाव होते. कायदाही तसाच बेतलेला. १८८१ चा फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यांपुरताच होता. दरवाजाबाहेर राबणाऱ्याची त्यात दखलच नव्हती.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या साथींनी कामगारांना वर्ग म्हणून विचार करायला शिकवले, हे ऋण कोणी नाकारू नये. पण दरवाजाच्या आतही आणखी एक दरवाजा होता. विणकाम खात्यात पगार चांगला, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नाही. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या काळात नेमके यावर बोट ठेवले. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’वरील निबंधात मांडले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. ही जवळीक टिकली असती तर आपला इतिहास वेगळा झाला असता, असे मी आजही मानतो.

नवी दिशा गोदीतून आली. गोदीत बोट आज लागते, चार दिवसांनी जाते. कामाला माणसे घेणारे ठेकेदार अनेक, आणि रोज सकाळी टोळीवाला बोट दाखवील तोच कामावर. उरलेल्यांनी परत जायचे. अशा कामगाराला एका मालकाच्या गळ्यात बांधणे शक्यच नव्हते. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने वेगळा मार्ग काढला. कामगारांची एकच सामाईक नोंद ठेवायची, काम पाळीपाळीने वाटायचे, सगळ्या मालकांचा पैसा एका मंडळाकडे जमा करायचा आणि मंडळाने कामगाराला सांभाळायचे. ज्या कामाला एक मालक नाही, त्याची जबाबदारी त्या सबंध धंद्याची, हा विचार इथे कायद्यात उतरला.

तो रस्त्यावर आणला हमालांनी. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव ही दोन नावे इथे येतात, आणि दोघे अगदी वेगळ्या प्रकृतीचे. अण्णासाहेब साताऱ्याकडचे, पुढे काँग्रेसचे आमदार झाले. बाबा पेशाने डॉक्टर, राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले समाजवादी. त्यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मार्क्सच्या पुस्तकाशी जुळवून पाहिले तर दोघांनाही डावे म्हणायला एखादा पोथीनिष्ठ कचरेल. मी मात्र विचार कोणाच्या बाजूने उभा राहिला हे पाहतो. लालबागच्या मोठ्या युनियनना हमाल हा कामगारच वाटत नव्हता. त्याला ना हजेरीपट, ना पगारपत्रक, आणि संप कोणाविरुद्ध करायचा तेही ठाऊक नाही. या दोघांनी तिथूनच सुरुवात केली.

१९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. त्याचे काम कसे चालते हे नीट पाहण्यासारखे आहे. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, हमालानेही करायची. टोळीने दिवसभरात किती पोती उतरवली, कोणत्या गाळ्यात लावली, याची नोंद होते. ठरलेल्या दराने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्क्यांची लेव्ही व्यापारी मंडळात भरतो. मंडळ मजुरी हमालापर्यंत पोचवते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांची सोय करते. मंडळावर व्यापारी, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. आज हा गाळा, उद्या तो गाळा. व्यापारी बदलतात, पण हमालाचे खाते एकच राहते. एका जागी वर्षानुवर्षे चिकटून नोकरी केल्यावर गिरणी कामगाराला जे मिळे, ते रोज दहा दारांत घाम गाळणाऱ्याला मिळू लागले. बँकेच्या दारात कधी उभा न राहिलेला माणूस स्वतःच्या फंडाच्या पावतीवर सही करू लागला, काही जण अंगठा.

हमाल पंचायतीने मजुरीपलीकडेही पाहिले. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर देणे हाच अन्याय आहे, ते पन्नास किलोचे करा, ही मागणी तिने लावून धरली. १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू झाले. राबणाऱ्याला परवडेल अशा दरात ताजी भाकरी आणि भाजी, आणि ते केंद्र चालवणारे हमालच. डाव्या विचाराची माझी ओळख पुस्तकांतून झाली खरी, पण त्यावर विश्वास बसला तो अशा कामांमुळे.

त्याच काळात गिरणगाव मात्र ढासळत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर संपलाच नाही. काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. तिथे एकाच छपराखालचे माग कागदोपत्री चार-पाच नावांवर वाटलेले, म्हणजे फॅक्टरी कायदा लागू होऊ नये. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कापड तिसऱ्याचे. हमालाची जी गत होती तीच आता विणकराची झाली. २००७ साली अर्जुन सेनगुप्ता आयोगाने सांगितले की देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक श्रमिक असंघटित आहेत, आणि ७७ टक्के जनता दिवसाला २० रुपयांच्या आत खर्च भागवते. लोखंड्यांनी पाहिलेला दरवाजा फार थोड्यांपुरता उरला.

माथाडीचा नमुना पुढे इतरत्र नेला गेला. १९८१ साली राज्यात खासगी सुरक्षारक्षकांसाठी तसाच कायदा झाला. १९९६ साली देशभर बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. २००८ च्या कायद्याने राज्यात घरेलू कामगारांचे कल्याण मंडळ झाले, पण घराघरांतून लेव्ही वसूल करण्याची माथाडीसारखी व्यवस्था त्यात नव्हती, आणि पैशावाचून मंडळ नावापुरते राहिले. लेव्ही हा या कल्पनेचा कणा आहे. तो काढला की उरते ती सरकारी मेहेरबानी.

माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या काही औद्योगिक पट्ट्यांत वावरतात, ही तक्रार खरी आहे. तिच्याकडे डोळेझाक करणे हा प्रामाणिक हमालाशीच द्रोह ठरेल. पण खंडणीखोराला तुरुंगात घालायला फौजदारी कायदा आहे. त्याच्यासाठी हमालाचा फंड मोडायची गरज नाही.

आज घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलाच्या बाबतीत कंपनी म्हणते, तो आमचा नोकर नाही. हॉटेल तेच म्हणते, आणि जेवण मागवणारे आपणही. अडत्याचे जुने वाक्य जसेच्या तसे परत आले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद आहे. २०२३ साली राजस्थानने प्रत्येक व्यवहारावर उपकर आणि त्रिपक्षीय मंडळ असा कायदा केला. ही माथाडीचीच वाट आहे. मोबाइलवर प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते, म्हणजे टोळीची पोती मोजण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे. मग ज्या राज्यात ही कल्पना वाढली त्याने मागे का राहावे? ग्राहकाला महाग पडेल, हे उत्तर मला पटत नाही. माथाड्यांची लेव्ही भरूनही दाणाबंदर आणि वाशीचा बाजार चालूच राहिले.

आणि खुद्द महाराष्ट्रात एक मोठे काम बाकी आहे. बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाची उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण उचलीचा हिशेब नवऱ्याच्या नावावर असतो. इथे तर जबाबदार कोण हे शोधावेही लागत नाही. ऊस गाळपाला ज्या काट्यावर जातो तो काटा कारखान्याचाच आहे. टनामागे लेव्ही तिथेच कापली पाहिजे. मंडळाच्या वहीत बाईच्या नावाला स्वतंत्र ओळ हवी, आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्याच खात्यात पडायला हवी.